अर्धा आटा

सेंतेशच्या टॉकीजमध्ये बुधवारी तिकीट निम्मं असतं,
म्हणून गेलो. एरवी सर्कशीचा सिनेमा
मी कशाला बघू? पुढच्या रांगेत पोरं
सूर्यफुलाच्या बिया फोडत होती
आणि पडद्यावर एकोणीसशे अडतीस साल
इस्त्री करून आणलं होतं.

तंबू कोरा करकरीत. ठिगळ एक नाही.
आमच्या ताडपत्रीला एकशे चौदा होती,
चाळीस तरी माझ्या हातची,
एक तर राद्वान्यी मालकांच्या जुन्या विजारीचं.
चिखल होता, पण नायिकेच्या टाचेला लागत नव्हता.
नायक तबेल्यातला. मालक चाबूकवाला, दुष्ट,
आणि तिचा नवरा अर्थातच तोच.
मध्यंतराआधी, रेल्वेच्या डब्यात, गवतावर
त्या दोघांनी चुंबन घेतलं ते इतकं लांबलं
की पोरांच्या बिया थांबल्या.

एटेल्का, आपल्याकडे दुष्ट माणूसच नव्हता गं.
मालक दमेकरी. पगाराला उशीर झाला
की आमच्याआधी तेच रडायचे.
तू तारेवर, मी तारेखाली.
लोखंडी खुंट, साखळी, आणि वीतभर लांबीचा तो स्क्रू
ज्याला मी रात्री एरंडेल पाजायचो.
खेळाआधी तू बूट काढून
अंगठ्यानं तार दाबून बघायचीस,
बाई तव्यावर पाणी शिंपडून बघते तशी,
फक्त डोळे मिटून. मग म्हणायचीस,
'अजून अर्धा आटा.'

तीन उन्हाळे एवढंच बोलणं.
मेझोतूर. कांद्याच्या वासाचं माको.
तिसाकाठचं ते गाव, जिथे प्रेक्षक सतरा
आणि त्यातले चार पोलीस.
अर्धा आटा.
मी मुद्दाम तेवढा कमी ठेवायला लागलो होतो
हे तुला कधी कळलं?
कारण एकदा, दुसऱ्या उन्हाळ्यात,
मी तार बरोब्बर ताणली, विसरून, किंवा हट्टानं.
तू अंगठा ठेवलास. बराच वेळ ठेवलास.
आणि तरी म्हणालीस, 'अर्धा आटा.'
मी पाना फिरवल्यासारखं केलं.
तू चढलीस.

मग सैन्याचा कागद आला. घोडे मोजून नेले.
त्याच कागदावर खाली माझंही नाव,
घोड्यांपेक्षा जरा वाईट अक्षरात.
तू काशाला, मामाच्या साबणाच्या दुकानात.
निरोप वगैरे नाही, गाडी पहाटेची होती.
तंबू उतरवताना सगळं सामान मिळालं,
स्क्रू तेवढा मिळाला नाही.
तो तू नेलास असं मी
चाळीसेक वर्षं धरून चाललोय.
चिखलातही पडला असेल.

इकडे पडद्यावर शेवट आला:
व्हायोलिनं, आग, सुटलेला सिंह,
आणि ती तारेवरून त्याच्याकडे निघाली,
हात पसरून, केस मोकळे सोडून.
तार झोळीसारखी लोंबत होती.
मी उभाच राहिलो.
'अरे, खाली कोण आहे? ताण ती!
तिसऱ्या पावलाला जाईल पोरगी!'

बॅटरीवाला मुलगा आला,
दंड धरून, पण जपून, मला बाहेर नेलं.
मागून कुणीतरी म्हणालं,
म्हाताऱ्याचा एक आटा ढिला आहे.
अर्धाच, मी म्हटलं.

आणि बाहेर येऊन सायकलचं कुलूप उघडायला
मला नको तितका वेळ लागला.